काका, टाकीत पाणी होतं

काका, काल दुपारी वारा सुटला, लाइट गेली, आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल तर तुमच्या किचनच्या खिडकीकडे बघितलं. सवयच ना ती. लाइट गेली की तुम्ही खिडकीत येऊन ती पिवळी टॉर्च उघडझाप करायचे, म्हणजे घाबरू नको, येतोय. काल खिडकी काळीच होती. पडदा तुमच्या मुलीनं, अनुजाताईंनी, ओहायोला परत जाताना ओढून घेतलेला, तो तसाच. मी तरी उभी राहून बघत होते. वेड्यासारखी. मग आतून ईरा खोकली.

तुम्हाला तो खोकला माहितीय. कोरडा, कुत्र्याचं पिल्लू भुंकल्यासारखा, आणि त्याच्या मागून छातीत बारीक शिट्टी. तुम्ही कुंपणाच्या पलीकडून ऐकून सांगायचे, "आज तुह्या पोरीची शिट्टी वाजून राहिली, वाफ दे." माझ्या आधी तुम्हाला कळायचं.

हे मी लिहितेय खरं, पण मला लिहायची सवय नाही. बारावीला बसलेच नाही मी, लग्न ठरलं, ते सगळं तुम्हाला माहितीय. मंडळाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली तेव्हा अनुजाताईंनी मला म्हटलं होतं, तूही बोल ना दोन शब्द, तू शेजारी होतीस, रोज भेटायचीस. मी उठलेच नाही. एकेक जण उठून तुम्ही बांधलेले पूल सांगत होते, कुठल्या नदीवर, किती मोठे, आणि मला वाटत होतं, मी काय सांगू? की काका डबा परत देताना कधी रिकामा द्यायचे नाहीत, आणि त्यात काही नसलं तर अंगणातला पुदिना खुपसायचे? की काकांना थालीपीठ करपलेलं आवडायचं? मी मांडीवर ईराला घेऊन बसून राहिले. म्हणून आता लिहिते. आत्ता ती झोपलीय, सकाळ झालीय, मशीन बाहेर धडधडतंय आणि माझे हात अजून पेट्रोलचा वास मारतायत.

तर काल. नवरा तिकडे पुण्यात अडकलाय, नितीन स्टँपिंगला गेला तो गेलाच, व्हिसाचा कागद येईना म्हणून बसलाय. तुम्ही होते तेव्हाच गेला होता तो. जाताना तुम्हाला म्हणाला होता, काका, यांच्याकडे बघा. तुम्ही म्हणाले, "जाय जाय, मी काय इथं गवत उपटून राहिलो?" आणि तुम्ही खरंच गवत उपटत होते तेव्हा, गुडघ्यावर बसून. त्या दिवशी लई हसलो होतो तिघं.

वाफेचं मशीन लाइटीवर चालतं. तिचा हातातला पंप होता, तो मी नळी लावून दिला, सांगितलेत तितके पफ दिले, पण डबी हलवली तर आत जवळजवळ काहीच नव्हतं. डॉक्टरांच्या नर्सच्या नंबरवर फोन केला. माझं इंग्लिश तुम्हाला माहितीय, घाबरले की तेही पळून जातं. पण त्या बाई चांगल्या होत्या. हळू हळू विचारलं, ओठ निळे आहेत का, बोलताना मध्ये थांबते का, श्वास घेताना बरगड्यांच्या मध्ये कातडी आत ओढली जाते का. मी ईराचा शर्ट वर करून बघितलं. नव्हती जात. मग म्हणाल्या, वाफ द्या, आणि यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, लगेच अँब्युलन्स बोलवा. वाफ कशानं देऊ, हे मी त्यांना विचारलं नाही. ते विचारायला आजवर तुम्ही होते.

बाहेर रस्त्यावर एक मोठं देवदाराचं झाड आडवं झालेलं, कोपऱ्यावरच, वायरी त्याच्यात गुंतलेल्या. गाडी दारात उभी. आणि मला गाडी येत नाही. काका, हे भांडण आपलं राहिलंच ना. तुम्ही ते लायसनचं पुस्तक आणून दिलं होतंत, खुणा करून, आणि मी ते फ्रिजवर ठेवलं, वर केळी ठेवली. तुम्ही आलात की आधी फ्रिजवर बघायचे. नुसतं केळ्यांकडे बघून म्हणायचे, "पिकली का?" मला राग यायचा. मी म्हणायचे, काका, मला इथल्या रस्त्याची भीती वाटते, पाऊस असतो, अंधार असतो, सगळे इतके जोरात जातात. तुम्ही म्हणायचे, भीती वाटते म्हणूनच तू चांगली चालवशील, ज्याले वाटत नाही तोच ठोकते. काल गाडीकडे बघताना मला ती केळीच आठवली.

गाडी येत असती तरी झाडावरून काय नेणार होते, ते वेगळं.

मग मी ईराला काचेच्या दारापाशी बसवलं, रजईत गुंडाळून, मांडीवर तिचं सशाचं खेळणं. तिला म्हटलं, आई बाहेर आबांच्या, म्हणजे तुमच्या, शेडमध्ये आहे, तू मला बघ आणि मी तुला बघते. बरं वाटलं नाही तर काचेवर टकटक कर. ती म्हणाली, "आबा इज नॉट देअर, आई." मी म्हटलं, हो, माहितीय. "देन हू विल डू द मशीन?" मी दार बंद करून घेतलं.

कुंपणाच्या निघालेल्या फळीच्या जागेतून तुमच्याकडे गेले. जनरेटर तिथंच, शेडच्या छपराखाली, निळ्या ताडपत्रीत. अनुजाताई जाताना म्हणाल्या होत्या, हे तूच ठेव, मला तिकडे कुठं न्यायचं, बाबा असते तर तुलाच दिलं असतं. मी किल्ली घेतली आणि परत त्या बाजूला फिरकलेच नाही. ताडपत्री ओढली तर हँडलला एक झेंडूचं फूल बांधलेलं. वाळून तपकिरी झालेलं, सुतळीनं. टाकीवर कुंकू. मला वाटलं, माझंच, गेल्या वर्षीच्या दसऱ्याचं. तेवढंच वाटलं आणि पुढं गेले, डोकं सगळं काचेकडे होतं.

तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. पेट्रोलचा नळ उघडला. चोक ओढला. स्विच चालू. मग दोरी. तुम्ही म्हणायचे, झटका देऊ नको, आधी जड लागेपर्यंत ओढ, मग जोरात. ओढली. नुसतंच घरघर. परत ओढली. मग ते खोकलं, अगदी ईरासारखं, दोन-चार ठोके दिले, धूर सोडला आणि मेलं. परत तसंच. परत. हाताला वळ उठले. मी त्या मशीनला शिव्या दिल्या काका, बार्शीच्या, तुम्ही ऐकल्या असत्या तर म्हणाले असते, लिहून दे मले. आणि मग मी खाली बसले आणि रडले. खोटं कशाला सांगू. काचेतून ईरा बघत होती म्हणून तोंड वळवून रडले.

रडताना मला तुमचा गुडघा आठवला.

मागच्या हिवाळ्यात हेच झालं होतं ना, असंच खोकून बंद पडायचं. तुम्ही मला बोलावलं आणि म्हणाले, मले खाली वाकता येत नाही, गुडघा गेला, तूच बस. मी म्हटलं, काका, मी टॉर्च धरते, तुम्ही करा. तुम्ही टॉर्च माझ्या हातातून काढून घेतली. पाना माझ्या हातात दिला. मी इतकी घाबरलेली, पेट्रोल म्हटलं की मला आगच दिसते. तुम्ही म्हणाले, "काहून घाबरून राहिली बाप्पा? मशीन थंडगार आहे, आपण बाहेर आहो, काडी कोणाजवळ नाही. आता आग कुठून येईन, सांग." मी विचार केला, खरंच कुठून येईल. मग पाना लावला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून बघते तर तुम्ही गुलाबाच्या वाफ्यात उकिडवे बसलेले, तासभर, ताठ उठलात, आणि परत बसलात. काही दुखत नव्हतं तुमचं. मी कधी बोलले नाही. तुम्हाला वाटत असेल मला कळलं नाही.

तर काल मी उठले, डोळे पुसले आणि तुमच्या लाल डब्यातून तो छोटा पाना काढला.

आधी पेट्रोलचा नळ बंद. मग कार्बोरेटरच्या खालची वाटी. तिला तुम्ही वाटीच म्हणायचे, आणि खरंच वाटीसारखी आहे, लहान मुलाला भात भरवायची असते तेवढी. खालचा नट सोडवला, वाटी धरून ठेवली, आत जे होतं ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतलं. काचेचीच बरणी पाहिजे, हे तुमचं. प्लॅस्टिकमध्ये काय दिसते, तुम्ही म्हणायचे, कपाळ दिसते. बरणी उजेडाकडे धरली. आभाळ असं काळं झालेलं, तरी दिसलं. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली वेगळंच, पांढरं, त्यात थेंब लोळतायत. मध्ये रेघ.

पाणी.

तुमचं वाक्य माझ्या कानातच होतं. पेट्रोल हलकं, ते वर बसते. पाणी जड, ते खाली बसते. आणि मशीन खालून पिते. म्हणून टाकीभर पेट्रोल असलं आणि वाटीभर पाणी असलं, तरी मशीनच्या तोंडात पाणीच जाते. तुम्ही हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, काका, मग वरचं एवढं पेट्रोल काय कामाचं? तुम्ही खूश झाला होतात. म्हणाले, हा प्रश्न माह्या ऑफिसातल्या पोरांनी नसता विचारला.

मग सगळी टाकी रिकामी करायला घेतली. नळी काढून, तुमच्या जुन्या रंगाच्या डब्यात सोडली. लई वेळ लागला. पेट्रोल बारीक धारेनं पडत राहिलं आणि मी काचेकडे बघत राहिले. ईरानं ससा काचेला टेकवला होता. तिचे खांदे वर-खाली होत होते, ती हलली नाही की मला भीती वाटायची, मग मी हात हलवायचे, ती हात हलवायची. मी खुणेनं सांगायचे, शर्ट वर कर. ती शर्ट वर करायची आणि पोट फुगवून दाखवायची, हसत. असं आम्ही किती वेळा केलं. वारा झाडांतून असा घुमत होता की मला स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता.

ते पाणी निथळेपर्यंत मला राग यायला लागला. म्हटलं, हे आलं कुठून? ताडपत्री धड होती, छप्पर धड. मी टाकीचं झाकण बघितलं, तर झाकणाच्या वरची ती छोटी कळ उघडी. तुम्हीच दाखवलं होतं, टाकीला श्वास लागतो, म्हणून झाकणाला बारीक भोक असतं, मशीन चालताना कळ उघडायची, बंद केलं की कळ बंद करायची. ती उघडीच राहिलेली. आणि झाकणाभोवतीच्या खळग्यात हळदीचं पिवळं कडं, आणि तिथून टाकीच्या बाजूवरून पिवळे ओघळ खालपर्यंत वाळलेले. कोणीतरी वरून पाणी ओतलं होतं. शिंपडलं नव्हतं, चांगलं तांब्याभर ओतलं होतं, देवाला घालतात तसं. मी म्हटलं, कोण एवढं शहाणं? पेट्रोलच्या झाकणावर पाणी कोण ओततं?

खरंच तेव्हा मला कळलं नाही काका. माझं लक्ष कुठं होतं तुम्हाला माहितीय.

वाटीच्या वरती ते पितळेचं बारीक भोक असतं, त्यातून पेट्रोल वर जातं, ते बुजलं होतं. मी सवयीनं मंगळसूत्राची सेफ्टीपिन काढली. घालणारच होते, आणि तुमचा आवाज आला, म्हणजे आला नाही, पण आलाच समजा. "पिन नको घालू! भोक मोठं होते, मंग ते पितच राहते." मागच्या वेळेला हेच ओरडला होतात, मी दचकून पिन खाली टाकली होती, आणि मग आपण दोघं शेडच्या फरशीवर पिन शोधत बसलो होतो. काल मी जुन्या चार्जरची वायर दातानं सोलली, आतली तांब्याची एकच तार घेतली, केसासारखी. ती घातली, फिरवली, फुंकली. तोंडात पेट्रोलची चव आली. थुंकले. भोकातून आभाळ दिसलं, इतकुसं. बस म्हटलं.

वाटी पुसली, रबराची रिंग नीट बसवली. स्पार्क प्लग काढला तर ओला, तो पदरानं पुसला, म्हणजे ओढणीनं. तुमचा दुसरा लाल कॅन होता, मागं फळीवर, सील न उघडलेला. त्यातलं आधी बरणीत घेतलं, उभी राहून वाट बघितली. रेघ आली नाही. मग थोडं टाकीत, हलवून, काढून टाकलं, म्हणजे कोपऱ्यातलं पाणीही निघालं. मग नीट भरलं. झाकण लावलं, सांडलेलं पुसलं, डबा लांब नेला, जरा वेळ वास जाऊ दिला. हे सगळं तुमच्या क्रमानं केलं, मधलं एक सोडलं नाही. मला पाढे पाठ होत नव्हते शाळेत, बाई छड्या मारायच्या. हे कसं राहिलं कोण जाणे.

दोरी ओढली. जड लागेपर्यंत. मग जोरात.

काही नाही.

परत ओढली, आणि ते खोकलं, आणि मी मोठ्यानं म्हटलं, काका, आता तरी. आणि ते लागलं, काका. आधी अडखळत, नंतर सरळ. चोक हळूहळू आत ढकलला. मशीन सरळ चालायला लागलं आणि मी छपराचा खांब धरला.

लांब वायर कुंपणातून ओढून दाराच्या फटीतून आत घेतली, फट टॉवेलनं बंद केली. मशीन बाहेर, दार बंद, धूर दिसत नाही म्हणून नाही असं समजू नको, हे तुमचं मला झोपेतही म्हणता येईल. ईराच्या तोंडाला मास्क लावला, औषध घातलं, बटन दाबलं. ते घर्र वाजलं आणि पांढरी वाफ आली. मी तिला मांडीवर घेऊन जमिनीवरच बसले. माझ्या हाताला वास येत होता म्हणून कोपरानंच धरलं तिला. पहिले थोडे श्वास तसेच, शिट्टीचे. मग शिट्टी बारीक झाली. मग मधेच एखादा श्वास नुसताच आला, न वाजता. ती मास्कमधून काहीतरी म्हणाली. मी कान लावला. "आबा डिड इट?"

मी म्हटलं, आबांनी शिकवलं, आईनं केलं.

"गुड जॉब, आई," म्हणाली, तुम्ही म्हणायचे तसंच, पाठीवर दोन थापा मारून.

आणि तेव्हा, तिच्या त्या थापेनंच की कशानं, मला एकदम कळलं.

फूल. गेल्या वर्षीचं झेंडूचं फूल असं राहील का? ह्या दमट हवेत? ते कधीच कुजून गेलं असतं. ते ह्या दसऱ्याचं होतं. आणि ह्या दसऱ्याला मी पूजा केलीच नव्हती. ईराला घेऊन हॉस्पिटलमध्ये होते मी. तुम्हाला तिथून फोन केला होता, रडत होते, काहीतरीच बोलत होते, की काका, काकू गेल्यापासून मी मशीनची पूजा कधी चुकवली नाही, ह्या वर्षी राहिली, आता काहीतरी वाईट होणार, म्हणूनच पोर आजारी पडली. तुम्ही म्हणाले होते, "पागल झाली का तू? मशीनले कुंकू लावलं म्हणून ते चालते का? पोरीकडे पाह्य." आणि फोन ठेवला होता. मला वाईटही वाटलं होतं थोडं.

काकू असताना काकू करायच्या ती पूजा. गवत कापायचं मशीन, गाडी, जनरेटर, तुमचा लाल डबा, सगळं ओल्या फडक्यानं पुसून हळदकुंकू आणि फूल. नंतर मी करायला लागले. तुम्ही खिशात हात घालून बाजूला उभे. एकदाही हात जोडले नाहीत. उलट म्हणायचे, हिच्या नवऱ्याच्या लॅपटॉपले लाव, तोच जास्त बंद पडते. मी म्हणायचे, काका, एक फूल तरी वाहा. तर तुम्ही म्हणायचे, मी इंजिनीयर आहो, पुजारी नाही.

आणि अनुजाताईंनी घर आवरताना मला तो चांदीचा करंडा दाखवला होता. काकूंचा. गॅरेजमध्ये, पान्यांच्या डब्याशेजारी सापडला म्हणाल्या, झाकण उघडं, कुंकू सांडलेलं. काकू गेल्यावर तुम्ही तो कपाटात ठेवला होता आणि कोणाला हात लावू देत नव्हते. ताई रडायला लागल्या. म्हणाल्या, बाबांचं डोकं शेवटी शेवटी चालत नव्हतं वाटतं, कुठली वस्तू कुठं नेऊन ठेवत होते, आणि मी इथं नव्हते. मी पण मान हलवली.

तुमचं डोकं चालत होतं.

तुम्ही माझा फोन ठेवलात आणि करंडा काढलात. झेंडू कुठून आणलात, मला माहीत नाही. गाडी काढून इंडियन स्टोअरला गेला असाल, त्या दिवशी पाऊस होता. फडकं घ्यायचं असतं हे तुम्हाला कुठं माहीत, लांब उभे राहून कधी बघितलंच नाही नीट. आंघोळ घालतात देवाला, तेवढं माहीत. म्हणून तांब्याभर पाणी घातलंत. जन्मभर सगळ्यांना सांगितलंत, पेट्रोलजवळ पाणी आणू नका, आणि स्वतःच्या हातानं ओतलंत, कळ उघडी ठेवून. का तर एक बाई फोनवर घाबरली होती. मला सांगितलंही नाहीत. दोन दिवसांनी आम्ही घरी आलो तेव्हा तुम्ही डबा परत द्यायला आलात, आत पुदिना, आणि एवढंच म्हणालात की मागच्या वेळच्या भाजीत मीठ कमी होतं. त्यानंतर आपण मिठाबद्दल, पावसाबद्दल, नितीनच्या कागदाबद्दल बोललो. आणि मग एका सकाळी तुमचा पडदा उघडला नाही.

मी वाफ संपल्यावर ईराला सोफ्यावर निजवलं आणि परत बाहेर गेले, अंधार पडायच्या आत. ते टाकीवरचं कुंकू जवळून बघितलं. मी बोटाच्या टोकानं लावते, गोल, छोटं. हे अंगठ्यानं लावलंय. दाबून, रुंद, जरा वाकडं, रेघाही दिसतायत. आमच्याकडे आजीचा असा अंगठा असायचा कागदावर. तुमचा कधी बघितला नव्हता.

काका, मी दमलेय. आज नाही, कधीपासूनच. नितीन येईल तेव्हा येईल. खिडकी आता कोणी दुसरं घेईल, ते टॉर्च उघडझाप करणार नाहीत. मला अजून भीती वाटते, वाऱ्याची, ईराच्या श्वासाची, इंग्लिश फोनची. तुम्ही गेल्यानं काही मी धीट झाले नाही. पण रात्रभर मी मध्ये मध्ये उठून ऐकत होते, आत तिचा श्वास आणि बाहेर ते मशीन, आणि दोन्ही चालू होतं.

सकाळी अनुजाताईंना फोन केला. आधी त्यांनाच सांगायचं होतं. सगळं सांगितलं, फूल, ओघळ, करंडा. म्हटलं, ताई, बाबा काही विसरत नव्हते, त्यांना ते कुंकू तिथंच पाहिजे होतं. त्या हसल्या, रडत रडत, आणि म्हणाल्या, बाबांनी? हळदकुंकू? आणि वरून पाणी ओतलं? आईनं ऐकलं असतं तर काय म्हणाली असती. मी म्हटलं, काकू म्हणाल्या असत्या, शेवटी केलीत ना पूजा, पण धड नाही केलीत.

तुम्ही मला दर वर्षी विचारायचे, मशीनले कुंकू लावलं म्हणून ते चालते का. मी कधी उत्तर दिलं नाही. आता देते. नाही चालत काका. बंद पडतं. तुम्ही लावलंत तर बंदच पडलं. आणि ते उघडायला तुम्हीच मला आधी शिकवून ठेवलं होतं.

आत्ता मशीन थोडा वेळ बंद करून, थंड करून, पेट्रोल घालून आले. झाकण घट्ट लावलं. फडकं घेऊन सगळं पुसून काढलं, तेलाचे डाग, हळदीचे ओघळ, माझ्या हाताचे ठसे. अंगठ्याभोवतीनं फडकं फिरवलं, तेवढं ठेवलं. मग दोरी ओढली, पहिल्याच झटक्यात लागलं.

घरात आले, हात धुतले, आणि फ्रिजवरच्या त्या पुस्तकावरची केळी खाली उतरवली.